ऑरिनचा दुसरा मजला

ऑरिन टॉलेफसनला काय काय जमत नाही याची यादी त्याला तोंडपाठ आहे, आणि कोणी विचारायची वाट न बघता तो ती म्हणून दाखवतो. पोहणं, इटालियन क्रियापदं, कोणाला तोंडावर नाही म्हणणं आणि मजले मोजणं. पहिल्या तिन्हींवर लोक नुसती मान हलवतात. चौथं ऐकलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "मजले मोजण्यात काय एवढं?" मग ऑरिन खुर्ची पुढे ओढतो.

तो नॉर्थ डकोटातल्या व्हेल्डन गावचा. गावात घरं बैठी, शाळा बैठी, पोस्ट बैठं. मान वर करून बघावं अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे रेल्वेच्या रुळांलगतचं धान्याचं कोठार. चांगलं चाळीस मीटर उंच. धान्य पट्ट्यांवरून वर चढवून आत ओततात म्हणून तिकडे त्याला एलिव्हेटर म्हणतात. अमेरिकेत लिफ्टलाही एलिव्हेटरच म्हणतात हे खरं, पण व्हेल्डनमध्ये लिफ्टच नव्हती, त्यामुळे या शब्दापायी गावात कधी कोणाची फसगत झाली नाही. ऑरिनचे वडील तीस वर्षं एलिव्हेटरवर कामाला होते.

शाळेत असताना ऑरिनने त्या कोठाराचं चित्र काढलं, ते पोस्टात लागलं, आणि टॉलेफसनांचा पोरगा आर्किटेक्ट होणार हे गावाने परस्पर ठरवून टाकलं. ऑरिनला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता. अशा रीतीने चौथ्या वर्षाला, १९९४च्या जानेवारीत, तो नऊ वर्गमित्रांबरोबर सहा महिन्यांसाठी इटलीतल्या जेनोआत येऊन थडकला. सगळं शहर डोंगरावर उभं, गल्ल्यांना पायऱ्या, घरांना पायऱ्या, दुकानात शिरायलाही दोन पायऱ्या. पहिल्या आठवड्यात त्याच्या पोटऱ्यांनी संप पुकारला.

त्यांना शिकवायला होत्या प्रोफेसर गॅडिस. बाई मूळच्या ओहायोच्या, पण वीस वर्षं जेनोआत काढल्यामुळे आता हात हलवल्याशिवाय त्यांचं इंग्रजीही तोंडातून निघत नसे. ऑरिनने पहिलं काम म्हणून एका वाचनालयाचा आराखडा केला. बाईंनी तो बराच वेळ पाहिला.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "सरळ आहे. इथे कोणी येतं का?"

"कोण?" ऑरिनने विचारलं.

"तेच मी विचारतेय."

त्या कामात तो नापास झाला. मग बाईंनी त्याला बाजूला घेऊन खडसावलं. आता उरलं होतं मोजणीचं काम. प्रत्येकाला जुन्या घराचा एकेक मजला दिलेला. तो इंच न् इंच मोजायचा, इंच नव्हे, सेंटीमीटर, आणि हाताने काढायचा. "हे उतरलं तर तू पास," बाई म्हणाल्या. "नाही उतरलं तर दोन रस्ते. घरी जायचं, नाहीतर सप्टेंबरमध्ये पुन्हा पहिल्यापासून." टॉलेफसनांच्या घराण्यात एक इयत्ता दोनदा कोणी केली नव्हती. त्यात जूनच्या बारा तारखेला वडील येणार होते. ते जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होते, आणि तेही भिंतीवर लागलेलं पोराचं काम बघायला. तेव्हा नापास झालो तर गपचूप घरी जायचं आणि कोठारावर धान्याच्या पावत्या फाडायच्या, हे ऑरिनने मनाशी ठरवून टाकलं होतं.

बाईंनी दिलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: सालिता देल गारोफानो, घर क्रमांक चौदा, दुसरा मजला, मालकांना कळवलं आहे. ऑरिन फूटपट्टी, टेप, कागदाची गुंडाळी असं सगळं बगलेत मारून निघाला आणि एक जिना चढून थांबला. अमेरिकन माणूस जमिनीवर पाय ठेवला की पहिला मजला मोजून मोकळा होतो. इटलीत तो तळमजला असतो आणि पहिला त्याच्या वर, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. ऑरिनने ते वहीत लिहूनही घेतलं होतं. वही खोलीवर होती.

एकच जिना, पण जेनोआचा. एकेचाळीस पायऱ्या. दार उघडलं ते अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सिन्योरा कानेपा यांनी. अंगावर एप्रन, एका हातात काठी, दुसरा हात चौकटीला. त्यांनी आधी ऑरिनकडे पाहिलं, मग त्याच्या टेपकडे.

"आलात एकदाचे!" त्या ओरडल्या. "दोन वर्षं! दोन वर्षं बोंबलतेय मी!"

ऑरिनला एवढ्यातलं फक्त 'दोन' कळलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. दोन म्हणजे दुसरा मजला. बरोबर आलो.

"लिफ्टचेच ना तुम्ही?" सिन्योरांनी विचारलं. "आशेन्सोरे?"

हा शब्द त्याला नवा होता. खिशातल्या कोशात पाहिलं तर समोर लिहिलेलं, एलिव्हेटर. ऑरिन चाटच पडला. या बाईला आपल्या कोठाराची बातमी कशी लागली? मग वाटलं, गॅडिसबाईंनीच सांगितलं असणार, घरात शिरणारा मुलगा कोण कुठला ते. भल्या बाई! त्याने जोरजोरात मान हलवली.

"बाबा," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "माझे बाबा. तीस वर्षं. आशेन्सोरे. चाळीस मीटर!"

"चाळीस!" सिन्योरांनी त्याचे दोन्ही गाल धरले. "अरे पोरा, आम्हाला सातच पुरेत!"

तिथून पुढचे तीन आठवडे ऑरिनच्या आयुष्यातले सर्वात सुखाचे. तो सकाळी जायचा. सिन्योरा आधी त्याला खायला बसवायच्या. खारट, तेलाने थबथबलेली फोकाच्चा, म्हणजे तिकडचा चपटा पाव, दुधाच्या कॉफीत बुडवायची आणि तोंडात टाकायची. व्हेल्डनमध्ये कोणी असं केलं असतं तर घरच्यांनी डॉक्टरला फोन लावला असता. पहिल्या दिवशी ऑरिनने डोळे मिटून गिळली. नको म्हणायचं त्याला जमलं नाही एवढंच. चौथ्या दिवशी त्याने दुसरा तुकडा मागितला, आणि आठवड्याभरात तर वर्गमित्रांना जॅम लावून पाव खाताना बघून त्याला त्यांची दया यायला लागली.

खाणं झालं की मोजणी. टेपचं दुसरं टोक सिन्योरा धरायच्या. मोजणाऱ्याला घराच्या मालकाने कामाला लावायची पद्धत ऑरिनने कुठे ऐकली नव्हती, पण सिन्योरांनी ती घातली.

"न्हाणीघर कशाला मोजतोस?" त्या कुरकुरायच्या. "जिना मोज जिना! तिथेच तर खरं काम आहे."

बाईंना वास्तुकलेची केवढी जाण, असं ऑरिनला वाटलं. वर्गातल्या कोणी जिना नीट मोजला नव्हता, चारदोन पायऱ्या मोजून बाकीच्या तशाच काढल्या होत्या. ऑरिनने सिन्योरांच्या देखरेखीखाली एकेचाळीसच्या एकेचाळीस मोजल्या. कोणती सोळा सेंटीमीटर, कोणती साडेअठरा, कोणती मधोमध झिजलेली. वर दारात खुर्ची टाकून सिन्योरा आकडे पुन्हा म्हणायला लावायच्या.

हळूहळू त्याच्या कानाला भाषेची सवय झाली आणि बाईंची गोष्ट कळत गेली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हापासून, म्हणजे गेल्या ऑक्टोबरपासून, त्या खाली उतरल्या नव्हत्या. सालितेच्या, म्हणजे त्या चढाच्या गल्लीच्या, पायथ्याशी चौकात एक बार होता. तिथे दर गुरुवारी त्या आणि नोर्मा चिरुल्ला खेळत. हा पत्त्यांचा डाव जेनोआच्या लोकांना जेवणापेक्षा प्यारा. चाळीस वर्षं एक गुरुवार चुकला नव्हता. आता यांना उतरता येत नव्हतं आणि नोर्माला, खुब्याचं हाड मोडल्यापासून, चढता येत नव्हतं.

"फोनवर खेळून पाहिलं," सिन्योरा म्हणाल्या. "पण ती नोर्मा! नाण्यांची सत्ती, डावातलं सगळ्यात भारी पान, फोनवर दर वेळी तिच्याच हातात! दाखव म्हटलं तर म्हणते, ऐकू येत नाही."

एवढं कळायला लागलं, पण एक गोम राहिली ती राहिलीच. बाईंनी आशेन्सोरे म्हटलं की ऑरिनच्या डोळ्यांसमोर धान्य यायचं आणि धान्यापाठोपाठ वडील.

"आशेन्सोरे कधी येणार मग?" एकदा सिन्योरांनी विचारलं.

बाबांची किती चौकशी करतात, ऑरिनला भरून आलं. "जूनमध्ये," तो म्हणाला. "बारा तारखेला. विमानाने."

"विमानाने!" सिन्योरा खाली बसल्या. त्याच दुपारी त्यांनी नोर्माला फोन केला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्याला कळलं की कानेपाबाईंची लिफ्ट अमेरिकेहून विमानात बसून येते आहे.

मेच्या मध्याला तपासणी झाली. शाळेच्या दालनात दहाही जणांची कामं भिंतीला लावली. रीत अशी होती की ज्यांची घरं मोजली त्या मालकांनाही त्या दिवशी बोलवायचं. ऑरिन ऐटीत उभा होता. गॅडिसबाई त्याच्या जिन्यापुढे थांबल्या होत्या आणि काही बोलत नव्हत्या. त्यांचं न बोलणं म्हणजे कौतुक. मागून करडा सूट घातलेले एक गृहस्थ आले आणि चष्मा लावून कागद बघायला लागले. ते होते नोटरी बोत्सानो, घर क्रमांक चौदाचे, दुसऱ्या मजल्याचे मालक.

"सुंदर," नोटरी म्हणाले. "पण हे माझं घर नव्हे. माझ्या स्वयंपाकघराला दोन खिडक्या आहेत. हे खालच्या कानेपाबाईंचं घर." मग त्यांनी ऑरिनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तीन मंगळवार मी कचेरी सोडून घरी बसलो, तुमच्या वाटेकडे डोळे लावून. आणि तुम्ही खाली... थांबा, थांबा. म्हणजे लिफ्टवाला अमेरिकन तो तुम्हीच?"

"कसली लिफ्ट?" गॅडिसबाईंनी विचारलं.

नोटरींनी सांगितलं. बारा जून, विमान, वडील तीस वर्षं लिफ्टच्या धंद्यात, सगळं. बाई ऐकता ऐकता ऑरिनकडे वळल्या आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "धान्य?" ऑरिनने मान हलवली. मग सगळं दालन हसलं. वर्गमित्र हसले, मालक हसले, खडूचा डबा घेऊन आलेला शिपाईसुद्धा हसला. ऑरिनही हसला, कारण रडण्यापेक्षा ते सोपं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. ऑरिन म्हणतो की त्याने तेव्हा तिचा मजलाही चुकवला असता.

हसणं ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "जिना उत्तम आहे. पण चुकीच्या घराला मी पास करू शकत नाही. भिंती खालच्याच वर गेल्या आहेत, मोजायला तीन तास पुरेत. सोमवारी कागद माझ्या टेबलावर हवा, नाहीतर सप्टेंबरमध्ये पुन्हा पहिल्यापासून."

"गुरुवारी या," नोटरी म्हणाले. त्यांचा राग आता बराच निवळला होता. "तीन ते सहा. सातच्या गाडीने मी महिनाभर सान रेमोला जातोय. घर बंद असेल."

"आणि त्या बाईंना जाऊन सांग," गॅडिसबाई शेवटी म्हणाल्या. "त्याला मार्क नाहीत."

ऑरिनने बुधवार टाळला. गुरुवारी दोन वाजता तो सिन्योरांच्या दारात उभा राहिला. हिशेब सोपा होता. नको ते काम पाव तासात उरकायचं आणि तसंच वर नोटरींकडे जायचं. रात्रभर कोश चाळून त्याने वाक्यं लिहून आणली होती. खुर्चीत न बसता त्याने ती वाचली.

"मी लिफ्टवाला नाही. माझे बाबा लिफ्टवाले नाहीत. ते गव्हाचं काम करतात. मी विद्यार्थी आहे. मला वरच्या मजल्यावर जायचं होतं. माझी चूक झाली. मला फार वाईट वाटतं."

सिन्योरा त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मग बारा जूनला काय येणार?"

"बाबा."

"आणि ते येऊन काय करणार?"

ऑरिनने खरोखर विचार केला. "फोटो काढतील," तो म्हणाला.

सिन्योरांनी काठी जमिनीवर आपटली. इटालियनमधल्या ज्या शब्दांना कोशात जागा नव्हती ते सगळे त्या बोलल्या. गाढवा, मूर्खा एवढं त्याला कळलं, बाकीचं सूर ऐकून समजलं.  त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याला दिसू नये म्हणून त्या आणखी जोरात ओरडत होत्या. या बाईचं आपण वाटोळं केलं, असं त्याला वाटलं.

मग त्या एकदम थांबल्या. "पण मोजलंस ना?" त्या म्हणाल्या. "जिना खरा मोजलास. मी स्वतः टेप धरली होती. मग तू सांग मला. बसते का लिफ्ट इथे?"

हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी ऑरिन टॉलेफसनला आर्किटेक्ट म्हणून प्रश्न विचारत होतं. त्याने गुंडाळी उलगडून जमिनीवर पसरली. जिन्याच्या मधली मोकळी जागा शेहेचाळीस सेंटीमीटर. मागे डोंगराचा खडक. पुढे हातभर गल्ली. त्याने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "नाही बसत."

"आत्ता नाही, की कधीच नाही?"

"कधीच नाही, सिन्योरा."

 खाली गल्लीतून कोणीतरी मासे मासे ओरडत गेलं.

"दोन वर्षं," सिन्योरा हळू आवाजात म्हणाल्या. "दोन वर्षं इमारतीच्या बैठकीत सगळे म्हणतात, बघू. पुढच्या वेळी बघू. बोत्सानो म्हणतो बघू, मुलगा फोनवर म्हणतो बघू. एकाने जरी तोंड उघडून नाही म्हटलं असतं, तर मी ऑक्टोबरातच बुडावर घसरत खाली गेले असते!" त्या काठीवर भार देऊन उठल्या. "माझा कोट आण."

"आत्ता?"

"गुरुवार आहे ना आज?"

सव्वादोनला ते निघाले. ऑरिन एक पायरी खाली, उलटा, तोंड बाईंकडे करून. त्यांचा एक हात कठड्यावर, दुसरा त्याच्या खांद्यावर. त्याच्या एका हातात स्वयंपाकघरातलं स्टूल, दर पाच पायऱ्यांनी बसायला. मागे बघायची त्याला गरजच नव्हती.

"ही उंच आहे," तो म्हणायचा. "साडेअठरा. आता सोपी. आता मधे पाय नको, भिंतीकडून."

"माहीत आहे मला, साठ वर्षं उतरतेय," बाई म्हणायच्या, आणि पाय भिंतीकडूनच टाकायच्या.

तेविसाव्या पायरीवर खालून नोटरी बोत्सानो आले. तीन वाजायला पाच मिनिटं होती. जिना एवढा अरुंद की दोघं समोरासमोर आली तर एकाने मागे जावं लागे.

"सिन्योरा कानेपा!" नोटरींचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. "तुम्ही? आणि तुम्ही, तुम्ही तर तीन वाजता माझ्याकडे..."

"मागे हो, बोत्सानो," सिन्योरा म्हणाल्या. "आणि हे स्टूल धर, पोराला जड होतंय."

नोटरी अठरा पायऱ्या उलटे उतरले, करड्या सुटात, हातात स्टूल घेऊन, सिन्योरा बस म्हणतील तिथे ते मांडत. दारापर्यंत यायला चार वाजले. सिन्योरांनी उंबऱ्याबाहेर पाय टाकला, उन्हात डोळे मिचकावले आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. समोर सालिता होती. चौकापर्यंत दोनशे पावलांचा खडा उतार, वर गुळगुळीत दगड. ऑरिनने घर मोजलं होतं, जिना मोजला होता. ही गल्ली काही मोजली नव्हती.

"चला, दोन तास आहेत अजून," नोटरी त्याला म्हणाले. "घाई केलीत तर होईल. नाहीतर सप्टेंबरमध्ये पुन्हा पहिल्यापासून, तुमच्या बाई म्हणाल्या तसं. मी ऐकलंय."

सिन्योरांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. "जा तू," त्या म्हणाल्या. "इथपर्यंत आले, पुढचं बघेन मी."

त्या बघणार म्हणजे काय करणार हे ऑरिनला दिसतच होतं. त्या तिथेच दारात बसणार होत्या. त्याला वडिलांचा चेहरा आठवला, पोस्टातलं चित्र आठवलं, अख्खं व्हेल्डन आठवलं. मग त्याने बाईंचा हात उचलून पुन्हा आपल्या खांद्यावर ठेवला आणि उलटं वळून उतारावर पहिलं पाऊल टाकलं. नोटरी काहीतरी म्हणाले. थोड्या वेळाने त्यांचे बूट जिन्याने वर जाताना ऐकू आले.

अर्ध्या उतारावर बाई पुन्हा दम खायला थांबल्या. खाली चौकात बारच्या दारात एक ठेंगणी बाई वॉकरला धरून उभी होती आणि इकडेच बघत होती.

"नापास होणार तू?" सिन्योरांनी विचारलं.

"हो."

"मग सप्टेंबरपासून पुन्हा इथेच?"

ऑरिनने घरी जायचं ठरवलेलं होतं. बॅग कशी भरायची तेही ठरवलं होतं. "हो," तो म्हणाला.

"बरं झालं," सिन्योरा म्हणाल्या. त्यांनी पदराने पुसावं तसं कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. "मला वाटलं होतं, आज उतरतेय ते शेवटचंच. आता सरळ उभा राहा आणि हळू चल. मला दम लागलाय हे नोर्माला दिसता कामा नये."